त्रेचाळीस गोवे आणि एक बेट

व्हिडिओ गेमवर इतिहासाचा लेख कसला लिहितोस, असे कोणीही विचारील. विचारणाऱ्याचे चुकत नाही. पण गेली काही वर्षे इतिहासलेखनाचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा दोन गेम आठवतात. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले, सहा वर्षांच्या अंतराने आलेले. पहिला १९९६ चा ‘डॅगरफॉल’ आणि दुसरा २००२ चा ‘मोरोविंड’. मालिकेचे नाव ‘द एल्डर स्क्रोल्स’, कंपनी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली बेथेस्डा सॉफ्टवर्क्स. ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की यांत आपण एक पात्र घडवतो आणि त्याला एका कल्पित देशात सोडून देतो. मग तो कुठे जाईल, काय करील, हे बहुतांशी आपल्या हातात.

आता आकडे पाहा. डॅगरफॉलच्या भूमीचा विस्तार सर्वसाधारणपणे १,६०,००० चौरस किलोमीटरच्या आसपास सांगितला जातो. आपल्या गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. कि.मी. म्हणजे त्या एका गेममध्ये त्रेचाळीस गोवे मावतात. उलट मोरोविंडचे बेट जेमतेम २४ चौ. कि.मी. भरते, तेही भोवतालचे थोडे पाणी धरून. आपल्या तिसवाडीच्या एका कोपऱ्यात ते बसेल. तरीही दोन्ही खेळलेल्या माणसाला ‘मोठा देश कुठला?’ असे विचारा. तो क्षणभर घुटमळतो आणि बहुधा मोरोविंडचे नाव घेतो. असे का व्हावे, हा माझा प्रश्न आहे.

डॅगरफॉल ज्युलियन लफे आणि टेड पीटरसन यांच्या पुढाकाराने घडला. इलियाक नावाचे एक आखात आणि त्याच्या भोवतीची चव्वेचाळीस लहानमोठी राज्ये हा त्याचा प्रदेश. शहरे, खेडी, देवळे, स्मशाने, भुयारे मिळून पंधरा हजारांवर ठिकाणे. एवढे सगळे हाताने रचणे कोणालाच शक्य नव्हते. म्हणून नियम ठरवून देऊन बहुतेक भूमी संगणकाकडूनच तयार करून घेतली. भुयारे तर ठोकळ्यांसारखी तयार तुकडे एकमेकांना जोडून बनवलेली. त्यांत मी तासन्‌तास भटकलो आहे. जी वस्तू आणायला गेलो ती सापडली नाहीच, शेवटी बाहेर पडायचा दरवाजाही सापडेना.

त्या खेळाला कमी लेखायचा माझा हेतू नाही. डॅगरफॉल शहरात रात्री रस्त्यावर उभे राहिले, की मेलेल्या राजा लायसँडसचे भूत ‘सूड! सूड!’ म्हणून आक्रोश करताना ऐकू येते. हा प्रसंग ज्याने अनुभवला तो विसरत नाही. शिवाय एवढ्या अफाट मुलखात आपण कोणीच नाही, ही जाणीवही एका प्रकारे खरीच. पण दहा गावे पाहून झाली, की अकराव्या गावात तीच खानावळ, तेच दुकान, नाव बदललेला तोच माणूस भेटतो. गावाला नकाशावर जागा आहे, आठवण मात्र नाही. या गावात काल काय घडले, कोण कोणाशी का बोलत नाही, देऊळ याच टेकडीवर का बांधले, याचे उत्तर तिथे कोणाकडेच नसते.

डॅगरफॉल बाजारात आला तो असंख्य चुका घेऊन. काहींना तर मुख्य कथा पुरी करणेच अशक्य झाले. त्यानंतरचे कंपनीचे दोन खेळ, १९९७ चा ‘बॅटलस्पायर’ आणि १९९८ चा ‘रेडगार्ड’, फारसे चालले नाहीत आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंपनी बुडायच्या बेतात आली. पण रेडगार्डमध्ये एक बीज होते. तो एका छोट्या बेटावर घडतो आणि ते बेट हाताने रचलेले होते. त्याच्याबरोबर एक पुस्तिकाही मिळायची, त्या कल्पित साम्राज्याची ‘खिशात मावणारी मार्गदर्शिका’. तिचा सूर सरळसरळ सरकारी प्रचाराचा आणि त्याच पानांच्या समासात कोणी तरी हाताने खरडलेले उलट शेरे! अधिकृत इतिहास आणि त्याच्या कडेला लिहिलेला दुसरा इतिहास, असे दोन्ही एकाच पानावर.

मोरोविंड उभा राहिला तो या बीजातून. प्रकल्पप्रमुख टॉड हॉवर्ड, मुख्य रचनाकार केन रोल्स्टन. कथाविश्वाचा बराच भाग मायकेल कर्कब्राइड यांचा. या मंडळींनी अख्खा देश न घेता व्हार्डेनफेल नावाचे एकच बेट निवडले. मधोमध धुमसणारा लाल डोंगर, भोवती राखेची माळराने, प्रवासाला हत्तीपेक्षा थोराड किडे. प्रत्येक झोपडी, तिच्यातली फळी आणि फळीवरची बाटली माणसाच्या हाताने ठेवलेली.

इथे जायचे ठिकाण दाखवणारा बाण नसतो. माणसे तोंडी वाट सांगतात. मूनमॉथ किल्ल्यापाशी जा, पुढे दरीवर जुना दगडी पूल लागेल, तो ओलांड, मग खडकात दार उघडायचा दांडा शोध. आपल्याकडे एखाद्या वाड्याची वाट विचारली, तर पिंपळ, तळी, बंद पडलेले पोस्ट अशा खुणा सांगतात, तसेच हे. आणि आपल्यासारखेच, सांगणारा कधी कधी चुकतोही! वाट चुकत चुकत भूगोल अंगवळणी पडतो.

मात्र खरी गंमत इतिहासाची आहे. या बेटावरचे लोक, डन्मर, साम्राज्याच्या अमलाखाली आहेत. देऊळ त्यांचे, सैन्य परक्यांचे. प्राचीन काळी लाल डोंगरावर एक महायुद्ध झाले आणि त्यात नेरेवार हा त्यांचा वीर गेला, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. पुढे फाटे फुटतात. देवळाचे पुरोहित सांगतात, की तो लढाईतल्या जखमांनी मेला आणि त्याचे तीन सल्लागार पुण्याईने देवपदाला पोहोचले. राखेच्या माळावर भटकणाऱ्या टोळ्यांतल्या वृद्ध स्त्रिया सांगतात, की त्याच तिघांनी त्याचा खून केला, चोरलेल्या शक्तीने ते देव झाले आणि नेरेवार परत जन्म घेणार आहे. देवळाने दडवलेली कागदपत्रे आहेत, बंडखोर पुजारी आहेत, त्यांचे बंदी घातलेले पुस्तक आहे. आणि त्या तिघांपैकी एक देव तर अजून हयात आहे. त्याचे नाव विवेक! मराठी माणूस ते ऐकून चमकतोच. त्याच्यासमोर उभे राहून तुम्ही विचारू शकता, की बाबा, खरे काय? तो तिसरीच हकिकत सांगतो. निकाल खेळ शेवटपर्यंत देत नाही.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. तुमचे पात्र म्हणजे बादशहाच्या आज्ञेवरून तुरुंगातून सोडून या बेटावर उतरवलेला कैदी. बादशहाने आपल्या हेराला सांकेतिक लिपीत पाठवलेला हुकूम कधी तरी तुमच्या हाती लागतो. त्यात तुमच्याविषयी लिहिलेले असते, की ही व्यक्ती भविष्यवाणीच्या अटींत बसते असे दिसते, तेव्हा तिच्याकडून त्या पुऱ्या करून घ्याव्यात. म्हणजे जित लोकांची सर्वांत आवडती आशा जेत्यांनी राजकारणाला वापरली. मग तुम्ही खरोखरच तो परतलेला वीर, की सरकारी सोय? दोन्ही शक्य आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असणेही शक्य आहे.

इथे डॅगरफॉलचे ऋण मान्य करायला हवे. त्या खेळाचा शेवट एक नव्हता. एका राक्षसी पितळी यंत्राची किल्ली खेळणारा आपल्या मर्जीने निरनिराळ्या सत्तांपैकी एकीला देऊ शकत असे. मग पुढच्या खेळात यांतला कोणता शेवट खरा धरायचा? लेखकांनी उत्तर काढले, की सगळेच. त्या दिवशी काळच फाटला आणि सर्व शेवट एकदम घडले. चव्वेचाळीस राज्यांची एका झटक्यात चार झाली. त्या मुलखाच्या इतिहासात याला ‘शांतीचा चमत्कार’ म्हणतात. हा खुलासा २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मधल्या एका पुस्तकात वाचायला मिळतो. बरकाही, एकाच राणीचे सरकारी चरित्र आणि तिचे चोरून वाचले जाणारे दुसरे चरित्र, ही जोडीही डॅगरफॉलच्या पुस्तकांपासूनची. म्हणजे परस्परविरोधी साक्षींची कल्पना त्या अफाट देशातही होती. फक्त ती पुस्तकांत राहिली, जमिनीत उतरली नाही. तिथले डोंगर आणि गावे त्या वादात साक्षीला उभी राहत नव्हती.

आता आपल्याकडे वळतो, कारण हा विषय मला चिकटला तो आपल्या भूमीमुळेच. गोवा लहान आहे, हे आपल्याला जन्मापासून ऐकवले जाते. परंतु १९०७ साली गोव्यातल्या कोसबें गावी जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी इतिहासाचे साधन म्हणून पोथ्यांइतकेच पायाखालच्या जमिनीकडे, गावदेवतांकडे, लोकांच्या रीतींकडे पाहिले. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या त्यांच्या ग्रंथात आपल्या जुन्या काबिजादींमधल्या गावसंस्थेवर एक स्वतंत्र निबंध आहे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी ओलांडून अंत्रुजात आली. हे स्थलांतर पोर्तुगीज दप्तरातून पाहिले तर एक दिसते, महाजनांच्या घरी ऐकले तर दुसरे, आणि मूळ गावात मागे राहिलेल्यांच्या बाजूने विचार केला तर तिसरेच. या तिन्हींतली एकच निवडून बाकीच्या पुसून टाकायचा मोह आपल्याला सतत होतो. तसे केले, की आपली भूमी डॅगरफॉलमधल्या त्या अकराव्या गावासारखी होते. नकाशावर असते, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

अर्थात खेळ तो खेळ आणि इतिहास तो इतिहास. मोरोविंडमध्ये निकाल न लागण्याने कोणाचे नुकसान होत नाही. खऱ्या इतिहासात पुरावे तपासावे लागतात आणि काही साक्षी खोट्याही ठरतात. सगळ्यांचेच थोडे थोडे खरे, असे म्हणून तिथे सुटता येत नाही. पण खोटे ठरवण्याआधी ऐकून तर घ्यावे लागते. हे ऐकायचे वळण मला त्या राखेच्या बेटाने लावले, हे कबूल करायला मला संकोच नाही.

दोन्ही खेळ अजून जिवंत आहेत. कंपनीने २००९ मध्ये डॅगरफॉल फुकट खुला केला आणि चाहत्यांनी नव्या तंत्रावर बांधलेली त्याची पूर्ण आवृत्ती २०२३ च्या शेवटच्या दिवशी आली. मोरोविंडच्या चाहत्यांचा एक गट दोन दशकांहून अधिक काळ त्या बेटापलीकडची मुख्य भूमी रचतो आहे, तीही हातानेच, एकेक गाव करत. सबंध देश अजून पुरा झालेला नाही. पण जी गावे झाली आहेत, तिथल्या माणसांना आपल्या शेजाऱ्याशी असलेला जुना तंटा पाठ असतो.