काळजी कोणी करायची?

आमच्या रहिमतपूरहून साताऱ्याला नेहमीच जाणं होतं. हल्ली तिथे गेलं की रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. उद्याची काळजी देवाला, हा त्यांचा भरवसा.

पण मला जास्त आठवतात त्या लक्ष्मीबाई. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे; कोणी मागितला की देऊन मोकळे! घर मात्र लक्ष्मीबाईंना चालवायचं होतं. 'स्मृतिचित्रे' वाचताना वाटतं, देवावर भार टाकणाऱ्याचा थोडा भार घरातल्या कुणावर तरी पडतोच.

लक्ष्मीबाई स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या. १९१९ मध्ये टिळक गेले. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. त्यांच्याकडे बघून वाटतं, की श्रद्धा असली म्हणून काळजी वाटायची थांबत नाही. काळजी वाटत असतानाही हात चालू राहतात, एवढंच.

मी तर साध्या लाइट बिलानेही झोप उडवून घेतो. असो. तुमच्या घरात टिळक कोण आणि लक्ष्मीबाई कोण?