वाटेवरचे शहर : जैसलमेरचा हिवाळा

डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरला जाणाऱ्या प्रवाशाला हे शहर देशाच्या अगदी कडेला असल्यासारखे वाटते. जोधपूरकडून येणारी रेल्वे येथे संपते. रस्ता पुढे सम आणि तनोटच्या दिशेने जातो खरा. पण अखेरीस तोही सीमा सुरक्षा दलाच्या चौक्यांपाशी थांबतो. या एका जिल्ह्याला पाकिस्तानची साडेचारशे किलोमीटरहून अधिक हद्द लागलेली आहे. रात्री बोचरी थंडी असते, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात पिवळ्या दगडाचा किल्ला सोन्यासारखा उजळतो. 1974 साली सत्यजित राय यांनी या किल्ल्यावर आपला 'सोनार केल्ला' बेतला, तेव्हापासून हिवाळ्यात येथे बंगाली प्रवाशांचीही रीघ लागते. दिवसा जैन मंदिरे आणि हवेल्या पाहायच्या, संध्याकाळी समच्या वाळूत शेकोटीभोवती मांगणियारांचे गाणे ऐकायचे, असा एक ठरीव क्रम आता होऊन गेला आहे. परतणारा प्रवासी या शहराच्या सांस्कृतिक विविधतेविषयी भारावून बोलतो. वाळवंटाच्या टोकाला, हद्दीच्या काठावर एवढे नाना प्रकारचे लोक आणि एवढ्या कला कशा नांदल्या, याचे त्याला नवल वाटते.

हे नवल आपल्या नकाशामुळे निर्माण झालेले आहे, असे मला वाटते. जैसलमेर सीमेवर आले ते 1947 साली. त्यापूर्वी सुमारे आठशे वर्षे ते वाटेवरचे शहर होते, आणि त्याच्या विविधतेचे मूळ या वाटेत आहे.

परंपरेनुसार रावळ जैसल याने 1156 साली लोद्रव्याहून आपली राजधानी त्रिकूट टेकडीवर हलवली. आसपास पाऊस तुटपुंजा आणि शेती बेभरवशाची. अशा मुलखात राज्य उभे राहिले ते सिंध आणि मुलतान एका बाजूला, गुजरात, माळवा आणि दिल्ली दुसऱ्या बाजूला, यांच्यामधल्या उंटांच्या तांड्यांवर. तांड्यांना पाणी हवे, मुक्काम हवा, लुटारूंपासून संरक्षण हवे. त्याबदल्यात ते जकात देत. चौदाव्या शतकातील गडीसर तलाव आणि 99 बुरुजांचा किल्ला हे दोन्ही या व्यवहाराचे आधार. राज्य भाटी राजपुतांचे, सावकारी आणि व्यापार मुख्यतः ओसवाल जैन व माहेश्वरी घराण्यांकडे, खडीनातील ओलीवर गहू पिकवण्याचे कसब पालीवाल ब्राह्मणांचे, आणि दगडाला लाकडासारखी नक्षी काढण्याचे काम मुसलमान सिलावटांचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिवाण नथमल याची हवेली दोन मुसलमान कारागीर बंधूंनी दोन अंगांनी कोरत आणली. दोन्ही बाजू एकसारख्या भासतात. निरखून पाहिले की तपशिलात वेगळ्या निघतात. याच सिलावटांपैकी अनेक जण पुढे कामाच्या शोधात कराचीला गेले, आणि तेथील ब्रिटिशकालीन दगडी इमारतींवर त्यांचा हात फिरला. जैसलमेरहून कराचीला जाणे तेव्हा परदेशी जाणे नव्हते.

आता साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळच्या गोष्टीकडे वळू. किल्ल्यातील संभवनाथ मंदिराच्या तळघरात पंधराव्या शतकात खरतरगच्छाचे आचार्य जिनभद्रसूरी यांनी ग्रंथभांडार वसवले. त्यातील कित्येक ताडपत्री पोथ्या वाळवंटात लिहिलेल्या नाहीत. पाटण, खंभात अशा गुजरातच्या संपन्न नगरांतून, व्यापारी श्रावकांच्या पैशाने लिहवून घेतलेले ग्रंथ त्याच व्यापाराच्या वाटेने येथे पोचले. कोरडी हवा, दगडी तळघर आणि अवघड वाट यांनी ते राखले. भांडारात जैन आगमांच्या जोडीने काव्य, अलंकारशास्त्र, न्याय, व्याकरण असे सर्व विषय होते, आणि जैनेतरांचे ग्रंथही तितक्याच जिव्हाळ्याने सांभाळलेले होते.

1874च्या जानेवारीत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, दोन जर्मन विद्वान येथे आले. एक जॉर्ज ब्यूलर, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील अधिकारी. दुसरे तरुण हेर्मान याकोबी, जे पुढे जैन साहित्याचे थोर अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले. या भांडारात त्यांना बिल्हणाच्या 'विक्रमाङ्कदेवचरिता'ची ताडपत्री पोथी सापडली, आणि त्यांनी स्वतः बसून तिची नक्कल उतरवून घेतली. तिच्या आधारे ब्यूलरने 1875 साली मुंबई संस्कृत मालेत हे काव्य प्रसिद्ध केले.

या पोथीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. बिल्हण काश्मीरचा. अकराव्या शतकात तो घर सोडून निघाला; मथुरा, कनौज, काशी करीत गुजरातेत आला, सोमनाथाचे दर्शन घेऊन दक्षिणेकडे उतरला आणि कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी स्थिरावला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्या राजाच्या सत्तेखाली होता. म्हणजे काश्मिरी कवीने दख्खनच्या राजावर रचलेले काव्य मारवाडच्याही पलीकडल्या वाळवंटात टिकले. याच काव्याच्या अखेरच्या, अठराव्या सर्गात बिल्हणाने आत्मवृत्त सांगताना गुजरातच्या लोकांच्या पेहरावाची आणि बोलीची यथेच्छ टवाळी केली आहे. ज्यांची टवाळी केली त्यांच्याच भूमीशी घट्ट बांधलेल्या जैन समाजाने ते काव्य शतकानुशतके जपून ठेवले. पोथी सांभाळणाऱ्याने ग्रंथकर्त्याशी प्रत्येक बाबतीत सहमत असावे लागते, असा त्यांचा समज नव्हता.

मराठी वाचकाला याहून निकटची पोथीही याच भांडारातली आहे. उद्द्योतनसूरींची 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा जालोर येथे इ.स. 779 मध्ये पूर्ण झाली. दक्षिणेकडील विजयापुरीच्या बाजारात निरनिराळ्या देशांचे व्यापारी जमले आहेत आणि प्रत्येकाच्या रूप-स्वभावाबरोबर त्याच्या बोलीची चुणूकही कवी देतो, हा त्यातील प्रसंग मराठीच्या इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. तेथील मरहट्टे धट्टेकट्टे, सावळे, सोशिक, मानी आणि भांडखोर आहेत. त्यांच्या तोंडी कवीने जे दोन शब्द घातले आहेत त्यांचा अर्थ 'दिले, घेतले' असा आहे. मराठीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून आपण हा उतारा शिकवतो आणि तेथेच थांबतो. त्याच रांगेत मारव, गुर्जर, लाट आणि सैंधव हेही उभे आहेत, हे बहुधा आपल्या ध्यानात राहत नाही. त्यांतील सैंधव, म्हणजे सिंधचा माणूस, मृदू चालीचा, गाण्याचा शौकीन आणि मनाने सदैव आपल्या देशात गुंतलेला असा रंगवला आहे.

या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन करणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी सिद्ध केली. तिचा पहिला भाग 1959 साली निघाला. त्यांच्यापुढे दोन हस्तलिखिते होती : एक पुण्याचे, कागदावरचे, दुसरे जैसलमेरचे, ताडपत्रावरचे, विक्रम संवत 1139 म्हणजे इ.स. 1082-83 मधले. मराठीच्या पूर्वरूपाचा हा मोलाचा दाखला आपल्या हाती येण्यात या वाळवंटी तळघराचा असा वाटा आहे. भांडाराची सूची बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत 1923 साली प्रसिद्ध झाली होती. पुढे मुनी पुण्यविजयजींनी येथे दीर्घकाळ मुक्काम करून पोथ्यांची नीट व्यवस्था लावली.

वाट मात्र त्यापूर्वीच ओसरू लागली होती. जैसलमेरने 1818 साली ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. मुंबई आणि कराची ही बंदरे वाढली, रेल्वे आली, तसे तांडे विरळ झाले आणि पटव्यांसारखी धनाढ्य घराणी व्यापारासाठी अन्यत्र गेली. फाळणीने उरलेल्या वाटेवर रेघ ओढली, 1965 च्या युद्धाने ती रेघ ठळक केली, डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवाल्याला रणगाडे भिडले, आणि पुढे काटेरी तारांचे कुंपण आले. दक्षिणेला बाडमेर जिल्ह्यातील मुनाबाव येथून सिंधमध्ये जाणारी रेल्वे 1965 साली बंद पडली होती. ती 2006 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि 2019 मध्ये पुन्हा थांबली. सीमेपलीकडे उमरकोटच्या सोढा राजपुतांचे या बाजूशी पिढ्यानपिढ्यांचे सोयरसंबंध आहेत. अशा घरांतील लेकी-सुनांसाठी त्या गाडीचे थांबणे म्हणजे माहेर तुटणे होते.

समच्या शेकोटीपाशी गाणारे मांगणियार या पार्श्वभूमीवर ऐकावे लागतात. ते धर्माने मुसलमान. त्यांचे यजमान प्रामुख्याने राजपूत आणि अन्य हिंदू. यजमानाच्या घरी मूल जन्मले, लग्न निघाले की मांगणियाराने यायचे, गायचे, वंशावळ म्हणायची, आणि यजमानाने त्याचे देणे द्यायचे. त्यांच्या कमायचा या वाद्याचा पोटाकडचा भाग बकऱ्याच्या कातड्याने मढवलेला असतो. कृष्णाची गाणी आणि सिंधी सूफींचे कलाम ते सारख्याच तन्मयतेने गातात. 1960 साली रूपायन संस्थान स्थापन करणाऱ्या कोमल कोठारी यांनी ही परंपरा अभ्यासली आणि जगापुढे आणली. पर्यटक याला सलोखा म्हणतात. सलोखा आहेच, परंतु त्याला हक्काची, देण्याघेण्याची चौकट आहे. यजमान शहरात निघून गेला, दुष्काळात खचला किंवा सीमेपलीकडे राहिला, की ती चौकट मोडते. मग तंबूबाहेरची बिदागी उरते. गाणे यजमानाचे राहत नाही.

त्यांच्या आवडत्या कथांपैकी एक मूमल आणि राणो महेंद्र यांची. मूमल लोद्रव्याची, राणो उमरकोटचा सोढा. तो रात्री उंटावरून तिला भेटायला येई आणि पहाटेपूर्वी परते, असे ही कथा सांगते. सिंधमध्ये शाह अब्दुल लतीफ यांनी तिच्यावर काव्य केले, राजस्थानात ती लोकगीतांत राहिली. आज लोद्रवा भारतात आहे आणि उमरकोट पाकिस्तानात. भाषावार विभागणी करून साहित्याचा इतिहास शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कथा कोणत्या प्रकरणात घालावी हा प्रश्न पडतो, आणि बहुधा ती कोणत्याच प्रकरणात येत नाही.

म्हणून हिवाळ्यात जैसलमेरला जाणाऱ्या साहित्याच्या विद्यार्थ्याने वाळूकडे निघण्यापूर्वी किल्ल्यातील ग्रंथभांडार पाहावे. काचेआडच्या निमुळत्या ताडपत्रांपैकी फारच थोडी आपल्याला वाचता येतील. पण विजयापुरीच्या बाजारात मरहट्ट्याच्या शेजारी उभा असलेला, घराची ओढ लागलेला तो सैंधव आठवावा. सायंकाळी मांगणियाराने सिंधी कलाम छेडला की त्याचा देश किती जवळ होता, हे कळते.