माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना
निवृत्त सैनिक व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना वैद्यकीय उपचार पुरविणारी केंद्र सरकारची योजना. प्रारंभ १ एप्रिल २००३. सदस्य एकरकमी अंशदान भरतो. युद्धविधवांना ते माफ आहे. उपचार पॉलिक्लिनिक, लष्करी रुग्णालये व संलग्न खासगी रुग्णालयांत मिळतात. मूळ पात्रता मुख्यतः निवृत्तिवेतनधारकांपुरती होती. ७ मार्च २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, इमर्जन्सी व शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे अधिकारी आणि मुदतपूर्व निवृत्त यांनाही योजना खुली केली. उपचारकेंद्राचे अंतरही महत्त्वाचे ठरते. उदाहरणार्थ, मुंबईतील नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय कुलाब्यात आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील वृद्ध सदस्यांना तेथवरचा प्रवास लांबचा पडतो, म्हणून जवळच्या संलग्न रुग्णालयांचे मोल मोठे. निवृत्तिवेतन नसले तरी सैनिकाचा आरोग्यहक्क मानणारा २०१९चा विस्तार न्याय्य आहे.