बेदरकार वाहन चालवणे, शिक्षा : नांदेड व लातूर (आरंभकाळ ते 1951)

नांदेड जिल्हा आणि लातूर (तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका, स्वतंत्र जिल्हा 1982 पासून) हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा 1914 चा मोटार कायदा त्यामुळे इथे आपोआप लागू झाला नाही. मराठवाड्याच्या मोटारींविषयी लिहिताना मुंबई इलाख्याच्या तारखा सरसकट उचलणे म्हणूनच चुकीचे ठरते. संस्थानाची दंडसंहिता वेगळी होती, अदालतींचा कारभार उर्दूत चाले आणि कागदांवर फसली साल पडे (त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो).

शेजारी मात्र ब्रिटिश कायदा होता. लातूरची मोटार बार्शी तालुक्यात शिरली, किंवा नांदेडकडची पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात उमरखेडला गेली, की चालक भारतीय दंडविधानाच्या कक्षेत येई.

कलम 279. भारतीय दंडविधानाचे हे कलम 1862 पासून अमलात आले, म्हणजे मोटारीच्या कितीतरी आधीचे. ते टांगेवाल्यालाही लागू होते आणि घोडेस्वारालाही. सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल अशा हयगयीने वाहन हाकले की गुन्हा पुरा होई. कोणाला इजा झालीच पाहिजे असे नव्हते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल मूळ दंडविधानात स्वतंत्र कलम नव्हते. 304-अ हे 1870 मध्ये घातले गेले आणि त्यात कैद दोन वर्षांपर्यंत होती. माणूस दगावला तरी कैदेची कमाल मर्यादा एवढीच, हे नमूद करण्याजोगे आहे.

बसवाहतूक. इकडे संस्थानात पगारी चालकही होते : निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ता वाहतूक खात्याने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली.

विलीनीकरणानंतर. भारतीय दंडविधान हैदराबाद राज्यात 1 एप्रिल 1951 रोजी लागू झाले. 1939 चा मोटार वाहन कायदाही त्याच सुमारास आला. त्याच्या कलम 116 मध्ये बेदरकार चालवण्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होता आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा केल्यास कैद दोन वर्षांपर्यंत जाई. पगारी चालकाला दंडापेक्षा लायसन्सवरचा शेरा जड जाई. न्यायालय शिक्षेची नोंद लायसन्सच्या पुस्तिकेतच करी, शिवाय ठरावीक मुदतीसाठी चालकाला अपात्रही ठरवू शके. तेवढा काळ त्याची रोजी बंद.

1 जुलै 2024 पासून कलम 279 ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 ने घेतली आहे.