शकाराचे वाक्स्खलन : 'मृच्छकटिका'तील विनोद आणि न्यायसभा

संस्कृत नाटकातील विनोदाची चर्चा बहुधा विदूषकापाशीच थांबते. शूद्रकाच्या दहा अंकी 'मृच्छकटिक' या प्रकरणात मात्र हशाचा मोठा वाटा राजा पालकाचा मेहुणा शकार याच्याकडे जातो. पहिल्या अंकात वसंतसेनेचा पाठलाग करताना तो कुंतीला रावणाच्या तावडीत देतो, द्रौपदीला रामाच्या भयाने पळावयास लावतो. अंधारात त्याला माळेचा सुगंध 'ऐकू' येतो.

'स'च्या जागी 'श' उच्चारल्यामुळे शकार हास्यास्पद ठरतो, असे सर्रास सांगितले जाते. हे मत अपुरे आहे. असा 'श' हा मागधी प्राकृताचा सर्वसाधारण विशेष होय. भिक्षू झालेला संवाहक आणि शकाराचाच सेवक स्थावरक हेही मागधीच बोलतात. वसंतसेनेला ठार मारण्याची धन्याची आज्ञा स्थावरक मार सोसण्याच्या तयारीने नाकारतो, तेव्हा त्याच 'श'ला कोणी हसत नाही. हसू येते ते सत्तेच्या आधाराने मिरवणाऱ्या अज्ञानाचे. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले. प्राकृतांमधील ध्वनिभेद मराठीत उतरणे अवघड. पुराणकथांचा घोटाळा मात्र रामायण-महाभारत जाणणाऱ्या मराठी प्रेक्षकाला सहज कळणारा होता.

नवव्या अंकात ही जीभ खरोखरच घसरते. स्वतः वसंतसेनेचा गळा दाबून ती मेली असे समजलेला शकार चारुदत्तावर आळ घेण्यासाठी न्यायसभेत येतो. प्रकरण आज घेता येणार नाही असे कळताच तो न्यायाधीशाला बदलून टाकण्याची धमकी देतो व सुनावणी पदरात पाडून घेतो. फिर्याद सांगताना, कोणीतरी तिला मारले, 'मी नव्हे', असे बोलून जातो आणि तोंडावर हात ठेवतो. न्यायाधीश नेमके तेच शब्द प्रथम नोंदवावयास सांगतो. धर्मशास्त्रग्रंथांनुसार फिर्याद आधी खडूने फळ्यावर किंवा जमिनीवर लिहून, शुद्ध करून मग पत्रावर उतरवली जाई. शकार ती अक्षरे पायाने पुसू शकतो, यावरून ही नोंद कच्चीच असावी. आपण केवळ पाहिले एवढेच म्हणत होतो, अशी सारवासारवही तो करतो.

सभेतील कोणीही त्याला अडवत नाही. पुरावे चारुदत्ताच्या विरुद्ध जातात. मनूचा आधार देऊन न्यायाधीश ब्राह्मण चारुदत्ताला हद्दपार करण्याची शिफारस करतो. राजा पालक सुळाची शिक्षा फर्मावतो.