इंदापूरची मोजणी

राजांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ. जमिनीचा इतिहास लिहिणारा विरळा. राज्य बदललें म्हणजे त्याची तिथि ठरते. रान बदलतें तें मात्र पिढ्यांच्या संथ गतीनें, आणि पुष्कळदां त्या रानांत राहणाऱ्याच्याही नकळत. म्हणून जेथें जमिनीची मोजदाद लवकर सुरू झाली, अशा मुलखाकडे अभ्यासकानें वळावें. पुणें जिल्ह्यांतील बारामती व इंदापूर हे तालुके या दृष्टीनें फार बोधप्रद आहेत.

शहाजीराजांच्या जहागिरींतील सुपें व इंदापूर, आणि मोरोपंतांची कऱ्हाकांठची बारामती, हीं नांवें वाचकांच्या परिचयाचीं आहेतच. येथील पाऊस वर्षाला सुमारें २० इंच, आणि तोही बेभरंवशाचा. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं प्रिंगल या अधिकाऱ्यानें शेताचें निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसविला. हिशेब कागदावर रेखीव होता. पण सारा इतका जड झाला कीं कुळें गांव सोडून गेलीं व शेतें ओस पडलीं. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरांत नवी पाहणी आरंभिली. ३३ फुटांची सांखळी, ४० गुंठ्यांचा एकर, मातीची खोली व रंग पाहून केलेली प्रतबंदी, आणि ३० वर्षांची मुदत, अशी ही पद्धति १८३६ सालीं येथें लागू होऊन पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरली. ओसाड शेतें पुन्हा वाहितीखालीं आलीं.

परंतु या मोजणीनें जमिनीस प्रश्न विचारला तो एकच : तूं सरकारास काय देशील? गायरान, कुरण अशीं थोडीं नांवें सोडलीं, तर जें नांगराखालीं नाहीं त्यास दप्तरांत ‘पडीक’ एवढीच ओळख. त्या पडिकांत कुसळीचें गवत होतें, चिंकारा होता, लांडगा होता, आणि धनगरांचे कळप त्यावर जगत होते. यांची आकारणी होण्यासारखी नव्हती. म्हणून नोंदही नव्हती.

दुसरा पालट पाण्यानें घडविला. १८७६-७७ च्या दुष्काळांत, भुकेल्या माणसांस काम देण्यासाठीं, नीरेच्या डाव्या कालव्याचें खोदकाम निघालें. १८८५ सालीं त्यांतून पाणी वाहूं लागलें. त्यास भाटघरच्या जलाशयाचा आधार मिळाला, व १९२८ सालीं तेथेंच मोठें लॉइड धरण पुरें झालें. जोंधळ्याच्या व बाजरीच्या रानांत ऊंस उभा राहिला. इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर वसलें. मुलखाचें दैन्य फिटलें हें खरें. पण कालव्याच्या दप्तरांत किती एकर भिजले हें मांडलें जाई. किती एकर नासले हें मांडण्याचा रकाना नव्हता. काळ्या भारी जमिनींत पाणी मुरत गेलें, त्याची पातळी वर चढली, आणि उन्हानें पाणी उडून जाऊन क्षार तेवढे वर राहिले. नीरेच्या खोऱ्यांतील अशा खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान व ताम्हाणे यांनीं आपला अभ्यास प्रसिद्ध केला तो १९१० सालीं, म्हणजे पाणी सुटल्यावर पाव शतकानें. आपलें शेत पांढरें पडत चाललें आहे, हें शेतकऱ्यास कळण्यासाठीं त्या पुस्तिकेची जरुरी खचित नव्हती.

आतां सांखळीची जागा उपग्रहानें घेतली आहे. १९७२ सालीं अमेरिकेनें पहिला लँडसॅट सोडला; १९८८ सालीं भारताचा आयआरएस-१ए आकाशांत गेला. मधल्या काळांत, १९८० सालीं, भीमेवरील उजनी धरण पुरें होऊन इंदापूरच्या कांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पाणी फार ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें, आणि भिगवणच्या दलदलींत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. एवढा मोठा पालट उपग्रहाच्या दोन चित्रांत एका दृष्टिक्षेपांत दिसतो. तथापि वाळलेलें गवत आणि उघडी जमीन यांचा रंग उन्हाळ्यांत वरून जवळजवळ सारखाच भासतो. २००० सालीं उपग्रहांच्या चित्रांवरून देशांतील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यांत झुडपी माळ पडिकांतच जमा झाले. साधन दीडशें वर्षांनीं पुढें गेलें; शब्द मात्र जेथल्या तेथें राहिला.

हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. एकदां पडीक ठरलें कीं तें रान कशालाही मोकळें होतें. तेथें कारखाना आणणें हा उद्योग ठरतो, दाट झाडें लावणें हें पुण्य ठरतें, आणि त्या झाडांच्या सावलींत गवत मरतें हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठीं १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य राखलें गेलें; पण त्याचा विस्तार अवघा ५ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. चिंकारा कुंपण ओळखीत नाहीं, आणि मेंढपाळाची वाटही तेवढ्यांत मावत नाहीं.

मोजणीस दोष देण्याचें कारण नाहीं. ती नसती तर हा इतिहास सांगतांच आला नसता. परंतु मोजणारा ज्याचें नांव जाणतो तेंच त्याच्या वहींत उतरतें. म्हणून माळावर रंग भरण्यापूर्वीं नकाशाकारानें एक चातुर्मास मेंढरांमागें फिरावें, आणि कोणतें गवत केव्हां उगवतें, कोणत्या विहिरीचें पाणी केव्हां मचूळ झालें, हें तेथल्या माणसांस विचारावें. त्या उत्तरांसाठीं नकाशांत एक नवा रकाना काढावा लागेल. आणि तो काढतांना ‘पडीक’ हा शब्द पुष्कळ ठिकाणीं खोडावा लागेल.