व्यापाऱ्यांचा इतिहास आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गड, तलवारी आणि तहनामे उभे राहतात. परंतु फौज हलावयाची तर आधीं रोकड हलावी लागते, आणि ती हलविणारा सराफ बखरींत क्वचितच भेटतो. नाशिकच्या सराफ बाजारांत पेशवाईंतील सरकारवाडा अजून उभा आहे. राज्यकारभाराची वास्तु आणि सराफांच्या पेढ्या एकमेकांच्या शेजारीं असणें हा निव्वळ योगायोग मानतां येत नाहीं. याच नाशकांत १० एप्रिल १९०१ रोजीं धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म झाला, आणि त्यांनीं आपल्या विद्वत्तेचा मोठा भाग या उपेक्षित इतिहासाच्या सेवेस लावला.

गाडगिळांचें शालेय शिक्षण नागपुरास झालें व पुढील अध्ययन केंब्रिज येथें. तेथें एम्. लिट्. पदवीसाठीं त्यांनीं लिहिलेला प्रबंध १९२४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. १८६० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थानांतील शेती, हस्तव्यवसाय, गिरण्या व रेल्वे यांचें स्वरूप कसें पालटत गेलें, हा त्याचा विषय. लेखकाचें वय तेव्हां अवघें तेवीस वर्षांचें होतें. तरी विवेचन मात्र प्रौढ आहे. आपले जुने हस्तव्यवसाय कां बुडाले, या प्रश्नास त्यांनीं एकेरी उत्तर दिलें नाहीं. देशी दरबार नाहींसे झाले. परकी सत्तेबरोबर लोकांच्या आवडीनिवडी बदलल्या. आणि यंत्रांच्या मालाशीं स्पर्धा आली, अशीं तीन कारणें त्यांनीं निरनिराळीं करून तपासलीं.

या विवेचनाचें मर्म नाशिककरांस आपल्या गांवच्या तांबटांकडे पाहून सहज कळेल. भरजरी वस्त्रें विणणाऱ्याचें गिऱ्हाईक दरबारीं बसलेलें होतें. दरबार उठला तेव्हां मागही थांबला. तांब्यापितळेचें भांडें मात्र घरोघर लागे आणि यात्रेकरूही तें विकत नेई. म्हणून तो धंदा त्या पडत्या काळांतही पुष्कळ टिकाव धरून राहिला. कारागिराचें कसब थोर असूनही भागत नाहीं; त्याचें गिऱ्हाईक कोण, हेंही विचारावें लागतें.

पुढें गाडगीळ कारागिराकडून व्यापाऱ्याकडे वळले. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्यें काढणारे कावसजी दावर हे व्यापारी होते, विणकर नव्हते. मग हा कारखानदार वर्ग आला कोठून? या प्रश्नावर गाडगिळांनीं १९५१ मध्यें टिपणें व १९५९ मध्यें एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाणी, पारशी, मारवाडी, खत्री, चेट्टी, कोमटी अशा व्यापारी समाजांचा प्रदेशवार विचार करूनही त्यांनीं त्या ग्रंथास नांव दिलें 'अंतरिम अहवाल' असें. हें लेखन न्यूयॉर्क येथील ज्या पॅसिफिक संबंधविषयक संस्थेमार्फत निघालें, तिच्याच प्रेरणेनें पूर्वीं इंग्रज इतिहासकार टॉनी यांनीं चीनमधील जमीन व श्रम यांवर १९३२ सालचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला होता. आशियांतील जुन्या समाजांची आर्थिक घडण समजून घेण्याच्या मोठ्या खटपटीचाच तो एक भाग होता.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर येथील मोठा व्यापार बहुतांशीं गुजराती व मारवाडी पेढ्यांच्या हातीं राहिला. पेशवाईंत कांहीं ब्राह्मण घराणीं सावकारींत पुढें आलीं खरीं. पण १८१८ मध्यें राज्य गेलें आणि त्यांचें सर्वांत मोठें गिऱ्हाईकही गेलें.

खेड्यांतील सावकारीची कथा याहून कठोर आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचे भाव कडाडले, आणि मग कोसळले. सारा रोख भरावयाचा होता. कर्ज वाढलें, आणि कोर्टाचा हुकूमनामा सावकाराच्या हातीं आला. १८७५ मध्यें पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले. त्याच नगर जिल्ह्यांत, जो आतां अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो, पाऊणशें वर्षांनीं विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचें पहिलें गाळप १९५०-५१ च्या हंगामांत झालें, आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक प्रा. गाडगीळ. रोखा जाळल्यानें कर्जाची गरज जळत नाहीं. सावकाराच्या जागीं दुसरी व्यवस्था उभी करावी लागते, हा इतिहासाचा धडा त्यांनीं स्वतः गिरविला.

काम किती मोठें होतें, तें रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीनें दाखविलें. पाहणीच्या मार्गदर्शक समितीवर गाडगीळही होते. १९५१-५२ मध्यें शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा शेंकडा ३.१ होता, आणि सावकारांचा सुमारें ७०.

३ मे १९७१ रोजीं गाडगीळ निवर्तले. त्यानंतर सहकारानें पुष्कळ वैभव पाहिलें आणि पुष्कळ पडझडही. न वाचतां रोख्यावर अंगठा उठविणारा जुना कुणबी आणि ताळेबंद न वाचतां सभेंत हात वर करणारा आजचा सुशिक्षित सभासद, यांच्यांत अंतर किती, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें. आणि जुना वाडा पाडतांना माळ्यावर मोडी लिपींतील रोजकीर्द वा खतावणी सांपडली, तर ती रद्दींत घालण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. गाडगिळांचा अहवाल अंतरिम होता. तो पुरा करण्याचें साधन कदाचित् त्याच बासनांत असेल.